छपरीतला स्पीकर जोडला अन् बोर्ड तापला: होम अँपची नोंद 4

मागच्या नोंदीत टीडीए2030 या अँप्लिफायर आयसीचा (चिपचा) बोर्ड खोलीतल्या स्पीकरवर छान वाजत होता. दिवाळीआधी छपरीतही आवाज हवा म्हणून दर चॅनेलला आणखी एक स्पीकर पॅरलल जोडला. दहा मिनिटांत आवाज तुटायला लागला. हीटसिंकवर बोट टेकवेना. थंड झालं की पुन्हा वाजायचं, पुन्हा बंद.

स्पीकरच्या मागे 8 ओमचं स्टिकर होतं, म्हणून दोन मिळून 4 ओम असा माझा हिशेब. मल्टिमीटर लावला तर एकेकाचा रेझिस्टन्स 3.4 ओम. खऱ्या 8 ओमच्या स्पीकरचा साधारण 6 ते 6.5 येतो. म्हणजे हे 4 ओमचेच, आणि पॅरललमध्ये उरले 2 ओम.

पण मीटर डीसीवर मोजतो, इम्पिडन्स (एसीला होणारा एकूण विरोध) तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. खात्रीसाठी 10 ओमचा रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये घातला, मोबाईलमधून 400 हर्ट्झचा टोन अँपला दिला आणि दोन्हीवरचा एसी व्होल्टेज मोजला. रेझिस्टरवर 0.50, स्पीकरवर 0.20. करंट दोघांतून सारखाच, म्हणून 10 गुणिले 0.20 भागिले 0.50, म्हणजे 4 ओम. 85 हर्ट्झला मात्र हाच स्पीकर 14 ओमवर गेला. तो त्याचा रेझोनन्स, म्हणजे पडदा आपसूक जोरात हलतो ती फ्रिक्वेन्सी. ही मोजणी एकदा तरी करून बघाच, स्पीकर समजतो.

आता बोर्ड का तापला ते बघा. माझ्या 12-0-12 ट्रान्सफॉर्मरवर (मधल्या टोकापासून दोन्हीकडे 12 व्होल्ट एसी) लोडखाली ±16 व्होल्ट मिळतात, आउटपुट साधारण 13 व्होल्टपर्यंत झुलतो. 4 ओमला त्यासाठी सव्वातीन अँपिअर लागतात. आयसीची मर्यादा 3.5, म्हणजे जेमतेम बसतं. 2 ओमला साडेसहा हवेत, ते तो देऊच शकत नाही. उष्णतेचंही तसंच: 4 ओमवर जास्तीत जास्त 13 वॅट आयसीत जळतात, 2 ओमवर 26.

म्हणून डाव्या चॅनेलचे दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये घेतले, एकूण 8 ओम. आधी 1.5 व्होल्टचा सेल लावून प्लस-मायनस तपासलं. कोन (स्पीकरचा पडदा) बाहेर आला की सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लस. दोन्ही एकाच जातीचे आहेत म्हणून सिरीज चालली. वेगवेगळे असते तर जास्त ओमवाल्याने जास्त पॉवर ओढली असती. छपरीतला बंद करायला वायर तोडली तर खोलीतलाही मुका होतो, त्यामुळे स्विच त्याच्या दोन टोकांवर शॉर्ट करायला लावला. मग अँपला 4 ओम दिसतात, तेवढे त्याला झेपतात.

आणखी एक गोष्ट आमच्याकडच्या लाईनची. हरभऱ्याला पाणी सुरू असलं की घरात 190 व्होल्ट, आणि रात्री पंप बंद झाले की 248. रात्री अकराला बिनालोड रेल (आयसीला जाणारा डीसी पुरवठा) मोजली तर ±18.4! टीडीए2030ची कमाल मर्यादा ±18 आहे. ±22 झेपणारा टीडीए2030ए मागवून बसवला. गावाकडे बोर्ड बांधणाऱ्यांनी रात्रीचा व्होल्टेज धरूनच ट्रान्सफॉर्मर निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

आवाज थोडा कमी झालाय, पण तुटत नाही. काल संध्याकाळी बाबांनी तुकडोजी महाराजांची भजनं लावली आणि छपरीतून म्हणाले, "आता खंजिरी हातात असल्यावानी वाजून राह्यली." उजवा चॅनेल अजून एकाच स्पीकरवर आहे. त्याची जोडी रविवारी मोजतो.