फुकट धान्याचं भाडं

जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अन्नसुरक्षेच्या यादीतल्या गरीब घराला, माणशी ५ किलो. सगळ्यांत गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घरात माणसं कितीही असोत, ३५ किलो. गोदामातून दुकानापर्यंत ते 'द्वारपोच' होतं. दुकानापासून चुलीपर्यंतचं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात घरं पाड्यापाड्यांवर विखुरलेली आहेत. सहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचं महिन्याचं धान्य होतं ३० किलो. चढावर डोक्यावरून १५ किलो न्यायचं धरलं तर दोन खेपा, नाहीतर दोन माणसं. जीप केली तर माणसाचं भाडं वेगळं, पोत्याचं वेगळं. दुकानात पोचल्यावर ई-पॉसला, म्हणजे अंगठा घेणाऱ्या मशीनला, नेटवर्क नसलं किंवा अंगठा जुळला नाही की भाडंही गेलं आणि दिवसाची मजुरीही. त्यात गहू असेल तर गिरणीची फेरी आलीच. म्हणून दुकानात माल आलाय आणि मशीन चालू आहे, हे कळल्याशिवाय निघू नये. एका फोनने अख्खा दिवस वाचतो. कार्ड दुसऱ्या दुकानात चालतं, तेव्हा आठवडी बाजाराच्या गावात धान्य घेतलं तर एकाच भाड्यात दोन्ही कामं होतात. फक्त त्या दुकानात शिल्लक आहे का, हे आधी विचारावं.

पावसाळ्याचं गणित निराळं. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांना पावसाआधीच धान्य पोचवतात, ते योग्यच आहे. २०२५ मध्ये तर केंद्राने जून ते ऑगस्टचं धान्य एकदम उचलायला सांगितलं होतं. पण मग तेच सहा जणांचं कुटुंब ९० किलो एका वेळी नेणार कसं आणि गळक्या घरात ठेवणार कुठे? कोठी जमिनीपासून वर हवी, धान्य कडकडीत वाळलेलं हवं. दमट तांदूळ भरला तर बुरशी धरते.

आणि धान्याने पोट भरलं तरी पोर वाढत नाही. डाळ, तेल, अंडी बाजारातून येतात. नाल्याला पूर आला, जीप बंद झाली की ताटातून पहिल्यांदा हीच जातात. माणशी रोज ३० ग्रॅम डाळ म्हटली तरी सहा जणांना महिन्याला साडेपाच किलो, चार महिन्यांना २२ किलोच्या आसपास. हे पैसे मे महिन्यात एकदम काढायचे, नेमके बियाणं घ्यायच्या वेळी! सगळं जमलं नाही तर डाळ आणि तेल आधी भरावं, ते टिकतं. जोडीला सुकट. अंड्यांसाठी दारात कोंबड्या असल्या की जीपची वाट बघावी लागत नाही.

अंगणवाडीतही अंतराचाच घोळ आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचा आहार घरी नेता येतो, तो आई एका फेरीत आणते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम जेवण अंगणवाडीतच मिळतं. चार वर्षांचं पोर दोन किलोमीटर चालून, नाला ओलांडून एकटं येणार नाही, आणि आई तर निंदणीला गेलेली. नेमक्या त्याच महिन्यांत त्याचं जेवण बुडतं. आदिवासी भागात १५० ते ३०० लोकवस्तीला मिनी, म्हणजे छोट्या, अंगणवाडीचा निकष होता. त्याहून लहान पाड्याला तीही नाही, तिथे मोठ्या मुलीने धाकट्याला कडेवर घेऊन जायचं, म्हणजे तिची शाळा बुडाली.