भोकाचा पैसा

खाडीकाठच्या जमिनीत जीपीआर चालत नाही. यंत्र विकणारा हे सांगत नाही, ते आपलं आपल्यालाच कळतं. जीपीआर म्हणजे जमिनीत लहरी सोडणारा रडार. पाइप किंवा केबलवर आपटून लहर परत आली की स्क्रीनवर कमान उमटते. पण नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे या पट्ट्यात माती खारी आणि चिकण, वर बारमाही ओल. लहर हातभर खाली जाते न जाते तोच माती ती गिळून टाकते. त्यामुळे घणसोली गावठाणातल्या कामाला मी तो डबा गाडीतच ठेवला आणि केबल लोकेटर नि मेटल डिटेक्टर एवढंच घेऊन उतरलो.

आमचं काम खोदाईच्या आधीचं. जमिनीखालून काय काय गेलंय ते शोधायचं, स्प्रेने खुणा मारायच्या, नकाशा करून द्यायचा. जेसीबीचा दात हाय टेन्शन केबलला लागल्याचं ज्याने एकदा पाहिलंय तो माणूस आमचं बिल देताना कुरकुर करत नाही. बाकीचे सगळे करतात.

घर आगरी कुटुंबाचं, कौलारू. तिघा भावांनी मिळून ते पाडलं होतं, त्याच जागी चार मजली उभं करायचं ठरलं होतं. थोरल्या भावाला सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. लाइटची केबल गल्लीच्या कडेने गेलेली लगेच मिळाली. राहिली होती ती जुनी लोखंडी पाण्याची लाइन. ती जागोजागी कापलेली, त्यामुळे तिच्यात लोकेटरचा सिग्नल सोडून उपयोग नव्हता. एकेक तुकडा डिटेक्टरने हुडकायचा होता.

पाडलेल्या घराच्या जागेवर डिटेक्टर फिरवणं म्हणजे कानाला शिक्षा असते. खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे, छत्रीच्या काड्या. प्रत्येक पावलाला टरटर. लोखंडाला मशीन खालचा आकडा देतं, तांब्या-चांदीसारख्या वीज सहज वाहून नेणाऱ्या धातूला वरचा. मला लोखंडच हवं होतं, म्हणून मी खालच्या आकड्यांवर लक्ष ठेवून चाललो होतो. मागच्या अंगाला कोठीची खोली होती. तिथलं जमिनीत पुरलेलं दगडी उखळ जेसीबीवाल्याने सकाळीच उपटून कडेला लोटलं होतं. त्या खड्ड्यावरून डिटेक्टरची कॉइल गेली आणि आकडा एकदम नव्वदीच्या घरात चढला. परत फिरवली, तेच. आडवी फिरवली, तेच. खिळा दिशा बदलली की आकडा बदलतो. हा ढिम्म हलेना.

बिगाऱ्याला म्हटलं, पहार नको, खुरपं आण. वीतभर माती काढली तर हिरवी कड दिसली. कळकलेला तांब्या, चांगला मोठा, तोंड चुन्याने लिंपून वर कौलाचा तुकडा बसवलेला. उखळ निघताना त्याला हिसका बसला असावा, कारण चुन्याला एका बाजूने तडा गेला होता. त्या फटीतून एका नाण्याची दातेरी कड दिसत होती.

मला नाण्यांचा नाद आहे. कड पाहिल्यावरच ओळखलं, बंदा रुपया. आणि तिथेच खुरपं खाली ठेवलं.

पुढच्या दहा मिनिटांत निम्मं गावठाण जमलं. शेजारचा एक जण ओरडला, "आबा, उखळ पांढरं झालं तुमचं!" आणि हशा पिकला. एका म्हातारबांनी मला बाजूला घेऊन, अगदी गंभीरपणे, मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, आहे का विचारलं; अशा माणसाला पुरलेलं धन दिसतं असं मानतात. नाही म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. दुसऱ्या कुणीतरी नारळ फोडायची, राखण म्हणजे राखणदाराला बळी द्यायची भाषा काढली, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. गुप्तधनाच्या नावाखाली या राज्यात काय काय प्रकार झालेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा वेगळा उल्लेख का करावा लागला, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तोंडातून पहिलं तेच निघतं.

धाकट्या भावाची सून तेवढ्यात चिंचेचं पाणी घेऊन आली. तांब्या लख्ख करायला! मी अक्षरशः तिच्या आडवा गेलो. खाऱ्या मातीत चांदीवर करडा, मेणासारखा थर चढतो. तो घासला की त्याबरोबर अक्षरं जातात, साल जातं. नाणं चकचकीत होतं आणि मुकं होतं.

मग कायद्याचं बोलणं. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट १८७८ सालचा, अजून लागू. जमिनीत लपवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती, कुठे आणि कधी. आणि माल सरकारी खजिन्यात भरायचा किंवा तारण द्यायचं. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मधल्या भावाला हे मुळीच पटलं नाही. "आमची जागा, आमचं उखळ, आमचा तांब्या. कलेक्टरचा काय संबंध?" असं तो तीनदा म्हणाला. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. नवी मुंबई वसवायला सिडको या सरकारी कंपनीकडे जमिनी गेल्यापासून सरकारी कागद म्हटला की या गावांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. पण शंभर माणसांनी पाहिलेली गोष्ट लपणार कशी? आबांनी विचार केला आणि म्हणाले, "लिही." मी तिथेच विटांच्या थप्पीवर बसून अर्ज लिहिला.

अर्जात "सापडवणारा" म्हणून कुणाचं नाव घालायचं यावरून जेसीबीवाला उभा राहिला. उखळ त्याने काढलं, म्हणजे पहिला तो. त्याचा रोख मला कळला, कारण हे कलम त्याला मीच मघाशी हौसेने सांगितलं होतं. धन बेवारस ठरलं आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. सरकारला हवं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. शेवटी दोघांची नावं लिहिली. आमच्या साहेबांनी फोनवर कंपनीचंही नाव घालायला सांगितलं. ते मला नीट ऐकू आलं नाही.

दुपारी तलाठी आले, पोलीस आले, मागून नायब तहसीलदार आले. बाई होत्या, तरुण, आणि कामाला पक्क्या. ताडपत्री अंथरली, पंच बसवले, मोबाइलवर शूटिंग लावलं आणि मगच कौलाचा तुकडा उचलला.

आत वरच्या थराला एका फडक्याचे चिंध्या झालेले अवशेष, त्याखाली सोन्याच्या पुतळ्या, चांदीचे तोडे आणि मग रुपयेच रुपये. मोजले तेव्हा २१४ भरले. बंदा रुपया तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास नुसती नाणी. बाईंना नाणी वाचायची सवय नव्हती. त्यांनी मला साल सांगायला बसवलं आणि तलाठी लिहीत गेले. तो तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. काही राणीछाप, १८६२ सालचे, नुसती क्वीन म्हणवणारी व्हिक्टोरिया. मग १८७७ नंतरची एम्प्रेस झालेली. मग टकलू एडवर्ड, त्याच्या डोक्यावर मुकुट नसतो. बहुतेक सगळे पंचम जॉर्जचे. त्यात १९११ चा एक निघाला तेव्हा मी पंचनामा थांबवून सगळ्यांना दाखवला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि सरकारला पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला, तो हा रुपया. बाई म्हणाल्या, "छान आहे. पुढचं साल सांगा."

सर्वांत नवे रुपये १९१९ आणि १९२० चे. हेही नवलाचं नाणं. पहिल्या महायुद्धात इथली चांदी आटली, तेव्हा १९१८ च्या कायद्याने अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली आणि तिचे रुपये पडले. मागच्या बाजूला कमळाखाली बारीक टिंब असलं की टांकसाळ मुंबईची. घणसोलीच्या कोठीच्या खोलीत अमेरिकेची चांदी. मी हे सांगत होतो आणि मधला भाऊ माझ्याकडे, हा मनुष्य एवढा खूश का आहे, अशा नजरेने बघत होता.

खूश का, ते सांगतो. कायद्यात शंभर वर्षांची रेघ आहे. सापडल्याच्या दिवसापासून मागे शंभर वर्षांच्या आत कुणी ते धन लपवलेलं दिसत असेल, आणि त्याच्या वारसाने हक्क सांगितला, तर जिल्हाधिकारी वाटप करत नाहीत. वारसाला दिवाणी कोर्टात जायला मुदत देतात. शेवटचं नाणं १९२०. शंभरी उलटलेली, म्हणजे वारसाची आडकाठी नाही. जेसीबीवाल्यानेही हा हिशोब मनात केला होता. तो माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला होता.

पण नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला यातली मेख माहीत असते. १९२२ नंतर बरीच वर्षं चांदीचे रुपये जवळजवळ पाडलेच गेले नाहीत. आणि १९४० ला सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा लोकांनी जुने खरे रुपये दाबून ठेवले नि नवे चालवले. म्हणजे १९२० वर थांबलेला तांब्या १९२१ लाही पुरलेला असू शकतो आणि १९४५ लाही. नाण्याचं साल एवढंच सांगतं की त्याच्या आधी पुरलेलं नाही.

तांब्या रिकामा झाला असं वाटून बाईंनी तो उपडा केला. मी आत टॉर्च मारला. पोटाच्या वळणाला, हिरव्या कळंकात, एक काळपट चकती चिकटली होती. मधोमध भोक.

लाकडी काडीने सोडवली. भोकाचा पैसा. वरच्या अंगाला मुकुट, खाली साल, १९४४. महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून काढलेलं ते नाणं, आजच्या बाजारात चहाच्या पैशाचं. भोकात काळ्या दोऱ्याची गाठ होती, दोरा कुजलेला, गाठ शाबूत. ज्या जागेवरून तो निघाला तिथे कळंकावर त्याचा गोल, भोकासकट, जसाच्या तसा उमटला होता. मी त्याचा जवळून फोटो घेतला आणि बाईंना साल मोठ्याने सांगितलं.

जेसीबीवाला कानाशी आला. "भाऊ, तडा गेला होता ना? वरून पडला असेल सकाळी." म्हटलं, वरून पडलेला पैसा सगळ्या रुपयांच्या खाली जाऊन कळंकात रुतत नाही. ठसा दिसतोय की. तो म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तर दिसला नसता." खरं होतं. माझे तीन चतुर्थांश, किंवा त्यातले अर्धे, त्या भोकातून गेले.

आबांची आत्या दिव्याहून संध्याकाळी पोचली. ऐंशीच्या पुढची, नऊवारी, दोन्ही नातवांच्या खांद्यावर हात. तोवर सगळं पाकिटांत घालून सील व्हायचं होतं. बाईंनी तिला पैसा लांबून दाखवला. ती म्हणाली, "मना ठाव हाय यो. आमचे घरान सगल्या पोरांचे कमरेला होता, काला दोरा बांधून. माझे पन होता. आयनं काढून ठेवला असंल." मधला भाऊ खूश झाला, वारसा सिद्ध झालाच म्हणून. "लिहा, लिहा," तो तलाठ्यांना म्हणाला. हे लिहून घेणं कुणाच्या फायद्याचं आहे हे आबांना आधी कळलं. ते गप्प झाले. उखळ ज्या आजीचं, त्या आजीची ही सख्खी मुलगी. तिघा भावांच्या आधीची पिढी.

सील लागलं, पावती मिळाली, माल ठाण्याला कोषागारात गेला. जिल्हाधिकाऱ्यांची जाहीर नोटीस निघाली. सुनावणीची तारीख नोटिशीपासून चार ते सहा महिन्यांच्या आतली असते, तशी ती आली. भावांनी एक अर्ज केला होता, आत्याने दुसरा. दोघांनाही कोर्टात जायला मुदत मिळाली.

आत्याच्या वकिलाने मला फोन केला, ठशाचा मूळ फोटो हवा म्हणून. मग फोन तिनेच घेतला. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या वेळी भावाने हक्कसोडीवर सही मागितली नि तिने दिली, हे तिने मला सांगितलं, जणू आम्ही जुनी ओळखीची माणसं. "तवा मना कोन बोललं नाय. आता सही नाय देनार." आणि साक्षीला येशील का, असं विचारलं. मधल्या भावानेही तेच विचारलंय, त्याच्या बाजूने. दोघांनाही मी एकच सांगणार आहे, तांब्यात काय होतं आणि कुठे चिकटलं होतं ते. तारीख अजून पडायची आहे. आबांकडून कामाचं बिल यायचं आहे, पण त्यांना फोन करायला मला सध्या धीर होत नाही.