ऑरियसवरचे देव : हर्क्युलिसची फाइल

ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, त्यावरचे देव आणि वीर कागदावर काढायचा माझा उद्योग चालू आहे. ट्रॉयच्या दंतकथेतला वीर ईनिअस, त्याची पानं पूर्ण झाली. इ.स.पू. 42 मध्ये ऑक्टेव्हियनसाठी (पुढचा सम्राट ऑगस्टस) पाडलेल्या ऑरियसवर तो म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेऊन निघालाय. ऑक्टेव्हियनला दत्तक घेणारं ज्युलियस घराणं स्वतःला त्याचेच वंशज म्हणवायचं. आता हर्क्युलिस.

पद्धत तीच. संग्रहालयांनी खुले केलेले फोटो समोर ठेवून नाण्याची मागची बाजू मोठ्या कागदावर पेन्सिलने काढायची, शेजारी वजन, नाण्यावरची अक्षरं आणि काळ लिहायचा. या वेळी सगळ्यात जास्त वेळ घेतला रोमन सम्राट हेड्रियनच्या 'हर्क गादित' (गादेसचा हर्क्युलिस) असा लेख असलेल्या ऑरियसने. सव्वासात ग्रॅमच्या आसपास सोनं, व्यास जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि तेवढ्यात काय काय बसवलंय! मधोमध हर्क्युलिस उभा, एका हातात गदा, दुसऱ्यात हेस्परिडीस या अप्सरांच्या बागेतली सफरचंदं. एका बाजूला गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दुसऱ्या बाजूला रेललेला जलदेव. काही सूचीकार त्याला नदीदेव म्हणतात, काही ओशनस, म्हणजे महासागराचा देव. मला ओशनस पटतो. गादेस म्हणजे आजचं स्पेनमधलं कादिझ, थेट अटलांटिकच्या काठावर. ती सफरचंदंही जगाच्या पश्चिम टोकाचीच मानलेली.

गादेसमधलं हर्क्युलिसचं देऊळ मुळात फिनिशियनांच्या मेलकार्ट या देवाचं. रोमन लोक त्यालाच हर्क्युलिस म्हणू लागले. आणि हेड्रियनची आई गादेसची! म्हणजे सम्राटाने सोन्यावर आजोळचा देव आणला. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या माथ्यावर कुलदैवताचं नाव असतं, तशीच ही जागा मला वाटते.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं इ.स. 194 चं नाणं हेच सांगतं. 'दिस ऑस्पिकिब' (शुभ देवांना) या लेखासोबत हर्क्युलिस आणि मद्याचा देव बॅकस शेजारी शेजारी, पायाशी बिबट्या. हे दोघं त्याच्या गावाचे, आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचे रक्षक देव. बिबट्याची मान अजून नीट साधलेली नाही, ते चित्र पुन्हा काढणार आहे.

पुढचा नंबर पोस्ट्यूमसचा. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) इ.स. 260 ला वेगळी सत्ता उभी करणाऱ्या या सम्राटाने आपला चेहरा हर्क्युलिसच्या चेहऱ्याला जोडून सोन्यावर छापला. एकामागे एक असे दोन चेहरे, दोघांनाही दाढी. हेड्रियनच्या नाण्यावरची नाळ स्पष्ट दिसेल असा मोठा फोटो कुणाकडे असेल तर जरूर कळवा, त्या कोपऱ्यातल्या रेषा मला अजून हव्या तशा मिळालेल्या नाहीत.