दीक्षेची फाईल आणि स्तोत्र ८८

ख्रिस्ती पाळक म्हणून दीक्षा होऊन बराच काळ झाला, तरी त्या अर्जाची फाईल आठवली की अजून डोकं तापतं. पाळकीय सेवेसाठी अर्ज करणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. पंथापंथाची पद्धत वेगळी. कुठे आधी डीकन (सेवक) आणि मग प्रेसबिटर (पाळक), कुठे प्रेसबिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची सभा, परीक्षा घेते, तर बाप्टिस्टांमध्ये स्थानिक मंडळीच निर्णय करते. पण लेखी उपदेश बऱ्याच ठिकाणी मागतात, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

शिफारसपत्र, सेमिनरीची (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेची) गुणपत्रिका, हिब्रू आणि ग्रीकची परीक्षा, सगळं वेळेत पार पडलं. मग परीक्षक समितीने उतारा दिला: बायबलमधलं स्तोत्र ८८. त्यावर लेखी विवेचन आणि पूर्ण उपदेश द्यायचा होता. सोबत एक छापील तक्ता: मुख्य विषय, तीन मुद्दे, दृष्टान्त, लागूकरण (ऐकणाऱ्याने आयुष्यात काय करायचं ते), आणि शेवटी ‘आशेचा समारोप’.

हे स्तोत्र ज्यांनी नीट वाचलंय त्यांना अडचण लगेच कळेल. विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटाकडे वळतात. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचं, पण शेवटी गाण्यावर येतं. ८८ वळत नाही. अठरा वचनं स्तोत्राचा कर्ता एज्रही हेमान हाका मारतो, देव उत्तर देत नाही, आणि स्तोत्र अंधारातच थांबतं. विवरणात्मक उपदेश म्हणजे मुद्दे उताऱ्यातून काढायचे, बाहेरून आणून त्याच्यावर लादायचे नाहीत. नहेम्या ८:८ मध्ये लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, हेच करतात: नियमशास्त्र स्पष्ट वाचतात आणि लोकांना अर्थ समजावून देतात. मग हेमानने जो शेवट केला नाही, तो मी कुठून आणू?

तीन मुद्दे मात्र उताऱ्यातच होते. पहिल्या, नवव्या आणि तेराव्या वचनात तो परमेश्वराला पुन्हा हाक मारतो. त्या तीन हाकांवर मी उपदेश बांधला. शेवटी लिहिलं की इथे उत्तर नाही, पण हाक मारणारा अजून देवाशीच बोलतोय, आणि सुरुवातीलाच त्याला आपला तारणारा म्हणतोय. तिथून वधस्तंभाकडे गेलो: भरदुपारी पडलेला अंधार आणि येशूची आरोळी. ‘आशेचा समारोप’ या रकान्यात लिहिलं, ‘उताऱ्यात नाही, समारोपाचं कारण पान सातवर पाहावं.’

फाईल परत आली. शेरा एका ओळीचा: ‘आशेचा संदेश नाही. मुद्दे स्पष्ट नाहीत. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’ पान सातचा उल्लेखच नव्हता. त्या पानाचे कोपरे इतके कोरे करकरीत होते, की ते कुणी उलटलं असेल असं मला आजही वाटत नाही.

मी दुरुस्ती केली नाही. उपदेश तसाच ठेवला आणि सोबत एका पानाचं उत्तर जोडलं: कोणत्या वचनावरून कोणता मुद्दा, आणि उत्साही शेवट जोडला तर स्तोत्राचं काय नुकसान होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर वाद तोंडी घालू नका. वचनाचा आकडा टाकून कागदावर लिहा; समितीला मग उताऱ्याशी बोलावं लागतं, तुमच्याशी नाही.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. एकदा कोरम भरला नाही. एकदा बैठक झाली, पण माझा विषय पुढे ढकलला. कार्यालयात विचारायला गेलो तर पौलाच्या पत्रातलं १ तीमथ्य ५:२२ ऐकवण्यात आलं, की हात ठेवण्याची, म्हणजे दीक्षा देण्याची, घाई करू नये. वचन खरंच आहे, आणि सेवकाची पारख सावकाश झालीच पाहिजे. पण पारख करायला फाईल उघडावी लागते. कपाटात ठेवलेल्या फाईलला पौलाचा आधार देणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

त्या काळात सहायक म्हणून आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडे होत्या. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना नेहमीची दिलासा देणारी वचनं नको होती. ‘ती सगळी मला पाठ आहेत, बाळा,’ म्हणाल्या. मी ८८ वाचलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हे पुस्तकात आहे? मला वाटायचं, असं देवाला बोलायचं नसतं.’ मग स्वतःच प्रार्थना केली, मोठ्याने, तक्रारीसकट. मी शेवटी गोड ओळ जोडली असती तर त्यांचं तोंड पुन्हा बंद झालं असतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी एका ज्येष्ठ पाळकांनी पान सात उघडून मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘हाच उपदेश अंत्यविधीला कराल?’ मी म्हणालो, ‘हाच करीन, साहेब. पण पुनरुत्थानाचं वचन कबरेजवळ वेगळं वाचीन. या स्तोत्राच्या तोंडी घालणार नाही.’ त्यांनी मान डोलावली आणि सही केली. बाकीचे प्रश्न बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि मंडळीच्या शिस्तीवर होते, तेही निभावले.

राहिलेलं एक: उतारा निवडायची मुभा असेल तर एखादं पुस्तक क्रमाने शिकवत असाल त्यातलाच घ्या. धर्मसुधारक झ्विंगलीने १५१९ साली झुरिचमध्ये त्या त्या रविवारासाठी नेमलेले पाठ सोडून मत्तय पहिल्या अध्यायापासून क्रमाने सांगायला घेतला. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याला १५३८ साली जिनिव्हातून घालवलं. १५४१ मध्ये परतल्यावर त्याने जिथे थांबला होता तिथूनच पुढे विवरण सुरू केलं. क्रमाने गेलं की अवघड उतारे टाळता येत नाहीत आणि समितीसमोर ते नवखे वाटत नाहीत.

आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत पोचेच्या सहीशिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा. ‘तुमचं उत्तर आम्हाला मिळालंच नाही’ असं मलाही सांगण्यात आलं होतं. सही असलेली प्रत पुढे ठेवल्यावरच पुढच्या बैठकीची तारीख मिळाली.