आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं तिकीट

तिकीट त्याच रात्रीचं होतं, नेवार्क ते मुंबई. बॅगा गाडीच्या डिकीत भरूनच तो आईबरोबर माझ्या ऑफिसात आला. साताऱ्याला आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हॉल ठरलेला, गुरुजी सांगून ठेवलेले, आणि अमेरिकेतून येणारा नातू हा एकटाच. दोघंही खुर्चीत नीट टेकलेसुद्धा नाहीत. "मावशी, फक्त कन्फर्म करायचं होतं," तो म्हणाला. "काल ट्रम्पनी सही केली ना? म्हणजे माझी ती कॉलेजमधली केस आता कोणी धरणार नाही, राइट?"

तारीख 19 डिसेंबर 2025. मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते, ऑफिस एडिसनच्या ओक ट्री रोडवर. सकाळपासून हाच प्रश्न फोनवर वेगवेगळ्या माणसांकडून ऐकत होते. आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी ॲटर्नी जनरलना आदेश दिला होता, की गांजा पहिल्या शेड्यूलमधून, म्हणजे अमली पदार्थांच्या सगळ्यांत कडक सरकारी यादीतून, तिसऱ्यात आणण्याचं काम लवकरात लवकर पुरं करा. व्हॉट्सॲपवर रात्रीतच त्याचं 'गांजा लीगल झाला' होऊन गेलं होतं. प्रत्यक्षात त्या सहीनं कायद्यातला एक शब्दही त्या दिवशी बदलला नव्हता. अर्धवट पडलेली प्रक्रिया पुरी करा, एवढंच ती सांगत होती.

ती प्रक्रिया मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. 1970 च्या कंट्रोल्ड सब्स्टन्सेस ॲक्टनं गांजा हेरॉइनच्या पंगतीला बसवला. पहिलं शेड्यूल, म्हणजे मान्य असा औषधी उपयोग नाही आणि गैरवापराचा धोका सगळ्यांत जास्त. कोकेन आणि फेंटानिल दुसऱ्यात आहेत, यावरून काय ते समजावं. निक्सन यांच्याच काळातल्या शेफर आयोगानं 1972 मध्ये सांगितलं होतं, की माणसानं स्वतःपुरता गांजा जवळ बाळगला तर त्याला गुन्हेगार ठरवू नका. निक्सन यांनी ते ऐकलं नाही. त्यानंतर थेट ऑक्टोबर 2022 मध्ये बायडन यांनी फेरविचार करायला सांगितलं. ऑगस्ट 2023 मध्ये आरोग्य खात्यानं तिसऱ्या शेड्यूलची शिफारस केली, मे 2024 मध्ये न्याय खात्याचा मसुदा आला, त्यावर जवळपास 43,000 लेखी मतं आली. त्यांत माझंही होतं. मग जानेवारी 2025 मधली सुनावणी लांबणीवर पडली.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक सीपीए, म्हणजे इथले सीए, बसतात. त्यांच्याकडे दोन-तीन डिस्पेन्सऱ्यांचे, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानांचे, हिशेब आहेत. त्या सकाळी ते लिफ्टपाशी भेटले तेच हसत. "280ई आता सुटणार बघा, वकीलबाई!" आयकर कायद्यात 1982 साली घातलेलं हे कलम पहिल्या आणि दुसऱ्या शेड्यूलमधला माल विकणाऱ्याला दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार, जाहिरात असला नेहमीचा खर्च वजा करू देत नाही. राज्याचा रीतसर परवाना घेतलेला, राज्याला कर भरणारा दुकानदारही त्यात भरडला जातो. गांजा तिसऱ्यात गेला की ते कलम त्याला लागू होत नाही. सीपीएंचा आनंद रास्त होता आणि मला तो खुपला नाही. पण या बदलात कोणाच्या पदरात काय पडतं याचा हिशेब मी तेव्हापासून मनात मांडू लागले होते, आणि दुपारी तो मुलगा समोर येऊन बसला.

गोष्ट 2017 ची. तो एकोणीस वर्षांचा, ग्रीनकार्डवर. मित्राच्या गाडीत मागे बसलेला, मागचा दिवा बंद म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली, आणि याच्या जॅकेटच्या खिशात सहा ग्रॅम गांजा सापडला. तेव्हा न्यू जर्सीत तेवढ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. वडिलांनी वकील केला. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपला. दंड भरला. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही, साताऱ्याला तर कळूच दिला नाही. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये राज्याच्या मतदारांनी गांजा कायदेशीर करायचा कौल दिला, फेब्रुवारी 2021 मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षी राज्याच्या न्यायालयांनी गांजाची साडेतीन लाखांहून जास्त जुनी प्रकरणं आपणहून पुसून टाकली. त्यांत याचंही होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यानं तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "रेकॉर्डच नाहीये ना आता, मावशी."

इमिग्रेशनचा फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा तो कागद मानत नाही. राज्यानं पुसलेली शिक्षा त्याच्या लेखी शिक्षाच राहते. बायडन यांनी 2022 आणि 2023 मध्ये दिलेली माफीही फेडरल आणि वॉशिंग्टन डीसीच्या गुन्ह्यांपुरती होती, राज्याच्या कोर्टातल्या प्रकरणांना ती लागत नाही. आणि तो ज्या सहीच्या भरवशावर आला होता तिचं म्हणाल, तर इमिग्रेशनचा कायदा शेड्यूलचा आकडा विचारतच नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत कुठल्याही शेड्यूलमधला पदार्थ त्याला सारखाच. गांजा उद्या तिसऱ्यात गेला, तरी या मुलाच्या फाइलमध्ये काहीही हलत नाही.

मी त्याला पुढचं सांगितलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावरची घाई गेली. तीस ग्रॅमपर्यंत, स्वतःपुरता, एकदाच सापडलेला गांजा असेल तर ग्रीनकार्डधारकाला त्यावरून हद्दपार करता येत नाही, अशी सूट कायद्यात आहे. म्हणून तो आठ वर्षं इथे निर्धास्त राहिला. पण ही सूट देशात असलेल्यासाठी. बाहेर जाऊन परत आला, की अशा गुन्ह्यामुळे त्याला नव्यानं प्रवेश मागणारा म्हणून वागवता येतं, आणि प्रवेशाच्या कलमात तीस ग्रॅमची ती सूट नाही. प्रवेशाची ही अडचण माफ करावी म्हणून अर्ज करता येतो. न्यायाधीशासमोर ग्रीनकार्ड वाचवायचे मार्ग आहेत, आणि याची बाजू चांगली होती. पण हे सगळं विमानतळावर अडवल्यानंतरचं. तोवर कोठडी, आणि त्या कलमाखाली जामीन नाकारताही येतो.

"2019 ला जाऊन आलो की मी. कोणी काही विचारलं नाही."

"तेव्हा विचारलं नाही," मी म्हटलं, "पण या वर्षी काय चाललंय ते तू वाचतोयस. जुन्या, किरकोळ केसवरून ग्रीनकार्डवाल्यांना विमानतळावर अडवताहेत. तुला अडवतीलच असं मी म्हणत नाही. अडवणार नाहीत असं लिहून देऊ शकत नाही. आज जाऊ नकोस."

आई म्हणाल्या, "अहो, पण इथं दुकानात लोक राजरोस रांगा लावून घेतात. म्हाताऱ्या बायकासुद्धा गुडघ्यांना लावायला क्रीम आणतात. आणि ह्याचे सहा ग्रॅम?" त्यांना द्यायला माझ्याकडे कायदेशीर उत्तर होतं, पण प्रश्न त्यांचा बरोबर होता.

मुलगा हुशार. जरा वेळानं म्हणाला, "मग आधी सिटिझनशिपच करतो. नंतर कोणी अडवू शकणार नाही." हे योग्यच होतं. 2017 चं एकच प्रकरण एवढ्यावर नागरिकत्व अडत नाही. म्हणून मी असा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला विचारते तेच त्याला विचारलं: "त्यानंतर कधी काही घेतलंस?"

त्यानं आईकडे पाहिलं. मग सांगितलं. झोप लागत नाही म्हणून रात्री गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळी, घेतो. परवानाधारक दुकानातून, ओळखपत्र दाखवून, कर भरून. सगळ्या पावत्या फोनमध्ये. 21 एप्रिल 2022 पासून न्यू जर्सीत एकवीस वर्षांवरच्या कोणालाही गांजा दुकानातून विकत घेता येतो, तसाच यानंही घेतलेला.

पण नागरिकत्वाचा अर्ज तपासणाऱ्या खात्यानं एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे, की राज्यात कायदेशीर असला तरी गांजा बाळगणं फेडरल कायद्याचा भंगच आहे, आणि अर्जदाराचं चारित्र्य चांगलं नाही असं ठरवायला तेवढं कारण पुरू शकतं. मागच्या पाच वर्षांचं वागणं बघतात. अधिकारी शपथेवर विचारतो. खोटं बोललं तर ते मूळ गोष्टीपेक्षा वाईट. गांजाच्या दुकानात कॅशिअर म्हणून केलेली नोकरीही या जाळ्यात येते. म्हणजे 2017 च्या सहा ग्रॅमनी त्याचं बाहेर जाणं बंद केलं, आणि राज्याचा कायदा पाळून घेतलेल्या गम्यांनी नागरिकत्वाचा अर्ज धोक्याचा केला.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याबरोबरच झाला असता हा सिटिझन." खरं होतं. ग्रीनकार्डच्या भारतीय रांगेत त्यांचा अर्ज इतकी वर्षं अडकला, की आईवडिलांनी शपथ घेतली तेव्हा मुलगा अठराच्या पुढे गेलेला होता. अठराच्या आत असता, तर आपोआप झाला असता. अशी किती घरं मला माहीत आहेत. आणि आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मी ऐकते, की आपल्यातली मुलं असलं काही करत नाहीत. करतात. पकडली कमी जातात, एवढंच. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या 2020 च्या अहवालानुसार गांजा वापरण्याचं प्रमाण काळ्या आणि गोऱ्या लोकांत जवळपास सारखं आहे, पण गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त. माझ्याकडे येणारी हैतीची आणि जमैकाची कुटुंबं हे कुठल्याही अहवालाशिवाय सांगतात. त्यांची मुलं आमच्या मुलांसारखीच. फक्त त्यांची गाडी जास्त वेळा थांबवली जाते. मागचा दिवा बंद असो वा नसो.

तासाभरानं त्यांचा निर्णय झाला. आई एकट्या जातील. तो थांबेल. साताऱ्याला काय सांगायचं यावर त्यांचं हलक्या आवाजात बोलणं झालं, आणि त्यानंच ठरवलं की आजीला खरं सांगायचं. "मी चोरी नाही केली," तो म्हणाला. मला त्या वेळी त्याचा फार अभिमान वाटला.

मग आम्ही कामाचं बोललो. गमी त्या दिवसापासून बंद, झोपेसाठी डॉक्टरांकडे. नागरिकत्वाचा अर्ज आत्ता नाही. आणि 2017 ची शिक्षा नुसती पुसून न घेता मुळातच रद्द करून घेण्याचा प्रयत्न. हा मार्ग 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदीया विरुद्ध केंटकी या खटल्यात रुंद केला. पदीया मूळचा होंडुरासचा, चाळीसहून जास्त वर्षं ग्रीनकार्डवर, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेला, ट्रक चालवणारा. त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला, आणि तू इतकी वर्षं इथे आहेस तेव्हा इमिग्रेशनची काळजी नको, असं वकिलानं सांगितल्यावर त्यानं गुन्हा कबूल केला. न्यायालय म्हणालं, कबुलीनं हद्दपारीचा धोका असेल तर तो सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. या मुलाला 2017 मध्ये कोणी तो धोका सांगितला नव्हता. पाच वर्षांची मुदत उलटून गेली आहे, म्हणजे उशिराचं सबळ कारण दाखवावं लागेल. सोपं नाही, पण दार आहे. माझ्या ओळखीच्या एका फौजदारी वकिलाकडे फाइल त्याच संध्याकाळी गेली. जुन्या वकिलाकडचे कागद, कोर्टातल्या सुनावणीचं ध्वनिमुद्रण मिळतं का ते बघायचं, वडिलांचं प्रतिज्ञापत्र, अशी यादी मुलानं स्वतःच लिहून घेतली.

ते गेल्यावर मी आमच्या सिनेटरच्या कार्यालयाला पत्र लिहायला बसले. कोरी बुकर यांनी शूमर आणि वायडन यांच्याबरोबर जुलै 2022 मध्ये गांजा शेड्यूलमधूनच काढून टाकण्याचं विधेयक मांडलं होतं. त्याआधी त्याच हेतूचं मोअर ॲक्ट नावाचं विधेयक प्रतिनिधीगृहात 2020 आणि 2022 मध्ये असं दोनदा मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. त्यात जुन्या शिक्षा पुसण्याची तरतूद आहे, आणि गांजावरून कोणा स्थलांतरिताला प्रवेश नाकारू नये, हद्दपार करू नये, असं स्वतंत्र कलम आहे. तिसऱ्या शेड्यूलच्या नियमात असं काही नाही, आणि असूही शकत नाही, कारण इमिग्रेशनचा कायदा काँग्रेसच, म्हणजे इथली संसदच, बदलू शकते. संशोधकांना प्रयोग करणं सोपं जाईल, दुकानांचा कर कमी होईल, याला माझा विरोध नाही. पण एवढं झालं की गांजाचा प्रश्न सुटला असं धरून सिनेट उठून जाईल, याची मला भीती वाटते.

पत्रात मी मुलाचं प्रकरण नाव न देता घातलं, त्याची परवानगी घेऊन. मागणी एकच केली. शेड्यूल कुठलंही असो, तीस ग्रॅमची जी सूट हद्दपारीच्या कलमात आहे, तीच प्रवेशाच्या कलमात घाला, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे घेतलेला गांजा चारित्र्याच्या तपासणीतून वगळा. संपूर्ण सुधारणेची वाट बघत असताना एवढी दुरुस्ती कुठल्याही विधेयकाला जोडता येते. तिचा मसुदा मी पत्राबरोबर पाठवला आहे.