परगणा वाचता येत नाही

मॉरिशसहून आल्यापासून जो तो पाण्याच्या रंगाबद्दल विचारतो. रंग फोटोतल्यासारखाच आहे. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा तिथेच फुटतात आणि किनाऱ्यापाशी उरतं ते कोमट, निपचित पाणी. दुसऱ्याच दिवशी मला कंटाळा आला. समुद्राने आवाज तरी करावा! चार दिवस असेच गेले. त्यात एकदा बोटीने शेजारच्या बेटावर नेलं, तिथे माणशी फूटभर वाळू वाट्याला आली. त्याबद्दल एवढं पुरे.

पाचव्या दिवशी नवरा खुर्चीतून हलेना, म्हणून एकटीच टॅक्सी करून निघाले. आईशी बोलून फोन ठेवला तर पुढून आवाज आला, "ताई, आपण भोजन केले का?"

साठी उलटलेले ड्रायव्हरकाका. मराठी आजीकडून आणि शाळेतून शिकलेले, त्यामुळे निम्मं कोकणी वळणाचं, निम्मं पाठ्यपुस्तकातलं. शब्द अडला की क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली. मला गंमत वाटली ती या क्रिओलचीच. इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून बेट घेतलं, १९६८ पर्यंत राज्य केलं, आणि रस्त्यावर बोललं जातं ते फ्रेंचमधून आलेलं. शरणागतीच्या करारातच कबूल केलं होतं म्हणे, की रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती तशाच राहतील. त्याआधीचे डच तर एका राजपुत्राचं नाव देऊन, ऊस लावून, १७१० मध्ये चक्क निघून गेले. डोडो त्यांच्याच काळात संपला.

ऊस मात्र राहिला. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि मध्येच काळ्या दगडांचे घराएवढे ढीग. मी विचारलं, देवळं आहेत का? काका म्हणाले, "नाही ताई, हे शेतातले दगड. आमच्या लोकांनी वेचले."

गाडी थांबवून एक दगड हातात घेतला. आपला सह्याद्रीतला काळा पत्थरच जणू. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की दख्खनचं पठार ज्या लाव्ह्याने बनलं, त्याच तप्त ठिकाणावरून कोट्यवधी वर्षांनी हे बेटही वर आलं. म्हणजे रत्नागिरीचा माणूस इथे येऊन ओळखीचेच दगड उचलत राहिला.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, मळेवाल्यांना हात हवे होते. १८३४ पासून सुमारे पाच लाख लोक करारावर इथे आणले गेले. बिहारकडचे जास्त, मुंबई बंदरातून निघालेले आपले थोडे. १८४९ पासून त्यांना याच घाटावर उतरवायचे. पूर्वी याला कुली घाट म्हणत. आता शिल्लक किती? थोड्या दगडी पायऱ्या, काही भिंती, आणि बाजूने धडधडणारा महामार्ग. जागतिक वारसा म्हणून मी काहीतरी भव्य धरून चालले होते. दहा मिनिटांत पाहून झालं.

बाहेर काकांनी धोल पुरी आणून दिली. पुरणपोळीतून गूळ काढून आत वालाची उसळ घातली तर जे होईल ते. कागद तेलकट, बोटं तेलकट, आणि तेवढ्यात काकांनी डॅशबोर्डातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची झेरॉक्स. क्रमांक, वय, उंची, कपाळावरचा व्रण, जात. जिल्हा 'रटनागेरी'. गावाच्या रकान्यात कुणा कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: आधी 'आड', मग शाईचा डाग, मग शेवटचा 'ई'. परगणा वाचताच येत नव्हता.

"आपण तिकडच्याच ना? हे गाव कोणते?"

मी राजापूरची, म्हणजे आडनावापुरती. वाढले डोंबिवलीत. बोटं पुसून कागद उन्हात धरला. आडवली? आडिवरे? वेंगुर्ल्याकडची आडेली? काका प्रत्येक नाव पुटपुटून बघत होते, जणू जिभेला चव लागली की कळेल. तिन्ही त्यांना सारखीच आवडली.

व्रणाचं बघा ताई, म्हणाले, माझ्या धाकट्यालाही तिथेच आहे. अर्थात तो सायकलवरून पडला.

मला हसू आलं आणि लगेच घशाशी काहीतरी अडकलं. कोणतं गाव, हे मला सांगता येत नव्हतं. त्यांनीच सकाळी शिकवलेलं वाक्य वापरलं, "मो पा कोने." मला ठाऊक नाही. उच्चार बरोबर आला म्हणून काका केवढे खूश झाले!

नोंदीचा फोटो मी मोबाइलवर काढून घेतला. राजापूरला चुलत्यांना दाखवते, तिकडे तलाठ्याला विचारते, असं अगदी ठासून सांगितलं. याला आता सात महिने झाले. चुलत्यांना फोन केला नाही. दिवाळीत भेट झाली तेव्हा आठवणही झाली, पण विषय दुसराच निघाला.

काका रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गणपतीचं चित्र पाठवतात. गावाचं विचारत नाहीत.