लॅपटॉप विटांवर का?

गंगाखेडात तहसीलच्या रस्त्याला माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, फेरफाराच्या नोटिसांना उत्तरं, आणि जुलै आला की पीकविमा. टेबलावर विटांच्या दोन थप्प्या आहेत, दोन-दोन विटांच्या. त्यांवर लॅपटॉप, आणि खाली वेगळा की-बोर्ड. माणूस आत आला की पिशवीतून कागद काढायच्या आधी विचारतो, "कामून हो ताई, लॅपटॉप इटावर ठिवलाय?" एका माळकरी मामांनी तर लॅपटॉपला हातच जोडले. म्हणाले, "पांडुरंगाला एक वीट पुरली, तुमच्या मशिनीला चार लागायल्या!" जनाबाईच्या गावात दुकान टाकलंय म्हटल्यावर एवढं ऐकून घ्यावंच लागतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. विम्याची गर्दी, त्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून कॉम्प्युटर बाजूला सारून सगळं काम लॅपटॉपवर घेतलं होतं. सकाळी नऊला बसायचं ते रात्री नऊला उठायचं. पंधरा दिवसांत रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. उजवा हात माझा नाहीच असं वाटायचं. अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. हात झटकला की जरा बरं. कुणी म्हणालं वारं भरलंय, कुणी दोरा बांधायला सांगितला. बाम चोळून झाला, मिठाचा शेक झाला. एके दिवशी दुधाचं पातेलं हातातून सुटलं आणि मग गेले दवाखान्यात.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "करंगळीला मुंग्या येतात का?" मी म्हटलं, नाही. ते मान हलवून म्हणाले, "मग मनगटातच अडकलंय." कागदावर त्यांनी चित्र काढून दाखवलं. मनगटात हाडांची एक अरुंद बोळ असते, वरून घट्ट पट्ट्याचं छत. त्या बोळीतून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या चिवट दोऱ्या, जातात आणि त्यांच्यात दाटीवाटीनं एक नस. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू त्या नसेकडं असते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून तो प्रश्न. मनगट वर किंवा खाली मुडपलं की बोळीतला दाब वाढतो. झोपेत आपण हात मुडपूनच झोपतो, म्हणून रात्रीचा त्रास जास्त.

साखर आणि थायरॉइड दोन्ही तपासायला लावलं, कारण त्यांच्यापायीही हे होतं. "टायपिंगनंच झालं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण मनगट मुडपून बारा तास बसलात तर दुखणं वाढणारच." रात्री मनगट सरळ राहावं म्हणून एक पट्टा दिला आणि घरी पाठवलं.

पट्ट्यानं रात्र सुधारली. दिवसाचं मलाच बघायचं होतं.

खोट लॅपटॉपच्या अंगातच आहे. पडदा आणि की-बोर्ड एकाच बिजागरीला अडकवलेले. की-बोर्ड कोपराच्या पातळीला ठेवावा तर पडदा खाली जातो, मान वाकते, खांदे पुढं येतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर की-बोर्ड छातीशी येतो आणि मनगटं उलटी मुडपतात. दोन्ही एकदम जमत नाही, कितीही महागाचा घ्या. म्हणून त्यांची वाटणी करून टाकली: पडदा विटांवर, की-बोर्ड खाली. विटांच्या थप्प्यांमध्ये मोकळी जागा ठेवलीय, कारण आमच्या उन्हाळ्यात त्या यंत्रालाही वारा लागतो. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब. टेबल उंच होतं, तर खुर्चीवर उशी घेतली आणि पाय लोंबायला लागले म्हणून खाली पाट.

आता मला स्वतःचीच लाज वाटावी अशी गोष्ट. मी टायपिंग शिकले ते लोखंडी मशीनवर, परभणीला. आमचे सर हातात फूटपट्टी घेऊन मागं उभे असायचे. मनगट मशीनच्या कडेला टेकलं की पट्टी बसायची. "हात तरंगता पाहिजे!" तिथं टेकायला जागाच नव्हती म्हणा. लॅपटॉपला मात्र पुढं ऐसपैस ओटा असतो. १९९१ साली ॲपलनं पॉवरबुक आणला, त्यात की-बोर्ड पडद्याकडं मागं सरकवून पुढं तळहातासाठी जागा सोडली, आणि पुढं सगळ्यांनीच तो नमुना उचलला. ओटा दिसला की हात टेकणारच. मनगट टेकवून ठेवलं की लांबच्या बटणासाठी फक्त बोटं ताणायची, मनगट वाकडं करायचं, आणि वर ती धारेची कड नेमकी नसेवर रुतते. टेकायचं ते थांबल्यावर. टाइप करताना हात तरंगता. सरांचं वाक्य वीस वर्षांनी कळलं.

की-बोर्डच्या मागचे दोन पाय मोडून ठेवा. ते उघडले की मागची बाजू उचलते आणि मनगट वर मुडपतं. ते कोणाच्या सोयीसाठी दिलेत ते देव जाणे.

मराठी टाइप करणाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे, ते इंग्रजीवाल्यांना कळायचं नाही. मी इनस्क्रिप्ट वापरते, म्हणजे की-बोर्डावर मराठी अक्षरं बसवायची एक ठरलेली मांडणी. त्यात श म्हणजे शिफ्ट आणि एम, ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. दोन्ही बटणं उजव्या हाताची. 'शेळीपालन' लिहून बघा. मी उजव्याच करंगळीनं शिफ्ट दाबून त्याच हाताच्या पहिल्या बोटानं एम गाठायचे, म्हणजे पंजा फाकलेला आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं. दिवसाला शेळीगटाचे तीस अर्ज, आणि प्रत्येकात हा शब्द पाच-सहा वेळा. आता उजव्या हाताच्या अक्षराला डावा शिफ्ट, डाव्याच्या अक्षराला उजवा. सवय लागायला महिना गेला. माउसही की-बोर्डला चिकटून ठेवते, नाहीतर खांदा भरून येतो.

थांबण्याचं मात्र मी कुणाकडून शिकले असेन तर आईकडून. ती आजही काठवटीत बारा-पंधरा भाकरी थापते. एकदा मुद्दाम बघत बसले. एक भाकर थापली की ती तव्यावर, वरून पाण्याचा हात, जाळ पुढं सारायचा, मग आधीची आराला लावायची, मग दुसरा गोळा. एकच हालचाल सलग दोन मिनिटंसुद्धा नाही. जुन्या मशीनवरही ओळ संपत आली की घंटी वाजायची, दांडा ओढायचा, कागद बदलायचा. लॅपटॉपवर ओळ संपतच नाही. म्हणून मी आता प्रत्येक अर्ज झाला की प्रिंट आणायला स्वतः उठते. प्रिंटर मुद्दाम दाराशी ठेवलाय. पोरगा म्हणतो, वायफायचा घे, जवळ ठेव. नको.

हे सगळं दुखणं सुरू होतंय तेव्हाचं. पकड सैल पडायला लागली, शर्टाचं बटण लावता येईना, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसला, तर विटा-बिटा शोधत बसू नका, सरळ डॉक्टरकडं जा.

वेगळा की-बोर्ड मला पाचशेच्या आत मिळाला. विटा शेजारच्या बांधकामावरच्या, फुकट. फक्त वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर लाल भुकटी सगळ्या टेबलावर होते. परवा एकानं ट्रॉलीच्या चाकाखाली लावायला त्यातली एक मागितली. म्हटलं, दादा, खुर्ची न्या हवी तर, वीट नाही.